आतोस: पडद्यावरचा, कादंबरीतला आणि दफनवहीतला

बीबीसीने २०१४ ते २०१६ या काळात ‘द मस्केटियर्स’ ही तीस भागांची दूरचित्रवाणी मालिका दाखविली. कथा सतराव्या शतकातील पॅरिसची, चित्रीकरण मात्र चेक प्रजासत्ताकातील. फ्रान्सचा राजा तेरावा लुई, त्याचे बंदूकधारी शरीररक्षक म्हणजे मस्केटियर, तलवारींचा खणखणाट, घोडदौड, कटकारस्थाने असा सारा मालमसाला तीत भरपूर आहे. करमणूक म्हणून ती पाहावयास हरकत नाही. आमचे लक्ष मात्र त्या धामधुमीपेक्षा तीतल्या एका माणसाकडे वारंवार गेले. तो आतोस. टॉम बर्क या नटाने तो उभा केला आहे. हा मूळचा ला फेरचा काउंट, मोठ्या जहागिरीचा धनी. पण नाव, वाडा, जमीन सारे मागे टाकून तो साध्या सैनिकाच्या पगारावर राहतो. तो फार थोडे बोलतो, हसतो त्याहूनही थोडे, आणि रात्री एकटाच पीत बसतो. तलवार त्याच्याइतकी कोणी चालवीत नाही. मरण आले तर त्याला ते नको आहे असेही वाटत नाही.

या भ्रमनिरासाचे कारण मालिकेत असे दिले आहे. आतोसने ॲन नावाच्या तरुणीशी प्रेमविवाह केला. तिने त्याच्या धाकट्या भावाला, तोमाला, ठार मारले. आतोसने स्वतःच्या आज्ञेने तिला फाशी दिली आणि घर सोडले. ती मात्र कशीबशी वाचली आणि कार्डिनल रिशल्यूची हस्तक ‘मिलेडी’ होऊन पुन्हा त्याच्या पुढ्यात आली. ती सांगते की तोमा तिच्यावर चालून आला होता. खरे काय ते आतोसला कळण्यास आता मार्ग नाही, कारण त्याने विचारण्याआधीच दोर बांधला होता.

रिशल्यूविषयी येथेच दोन शब्द सांगून टाकतो. पीटर कपाल्डीने त्याला काळ्या चामड्याच्या पोशाखात, थंड डोळ्यांचा कारस्थानी म्हणून रंगविला आहे. नट मोठा आहे यात शंका नाही. पण पहिल्या दहा भागांनंतर तो दुसऱ्या मालिकेकडे गेला, म्हणून कथेतल्या कार्डिनललाही घाईने मरावे लागले. खरा रिशल्यू ४ डिसेंबर १६४२ रोजी वारला. मालिकेने त्याला जवळजवळ एका तपापूर्वीच मूठमाती दिली. इतिहासाची अशी ओढाताण नवी नाही. ज्या कादंबरीवरून ही मालिका निघाली, तिच्या लेखकाने तरी दुसरे काय केले होते?

अलेक्झांडर द्यूमाची ‘तीन मस्केटियर’ ही कादंबरी १८४४ च्या मार्च ते जुलै या महिन्यांत ‘ल सिएक्ल’ या पॅरिसच्या दैनिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. ओग्युस्त माके या इतिहासाच्या जाणकाराने त्याला कथानके आणि साधने जुळवून दिली. मुखपृष्ठावर नाव मात्र एकट्या द्यूमाचे आले आणि त्यावरून पुढे कोर्टकज्जेही झाले. द्यूमाचा मूळ आधार होता १७०० साली निघालेले ‘दार्तान्यांचे आत्मवृत्त’. हे आत्मवृत्तही दार्तान्यांनी लिहिलेले नव्हे. गातियां द कुर्तिल्झ या उद्योगी लेखकाने ते त्याच्या नावावर रचले होते. कुर्तिल्झने आपल्या लिखाणापायी बास्तीयच्या तुरुंगाची हवा खाल्ली होती, आणि त्या तुरुंगाचा अधिकारी बेस्मो हा एकेकाळी दार्तान्यांचा सोबती होता. तेथे त्याने काही ऐकले असेल किंवा नसेलही. त्याच्या पुस्तकात आतोस, पोर्तोस आणि आरामिस हे सख्खे भाऊ आहेत. द्यूमाला ही तीन विचित्र नावे आवडली, आणि प्रत्येकाला त्याने वेगळे कूळ, वेगळा स्वभाव, वेगळे दुःख दिले. सर्वांत खोल दुःख आतोसच्या वाट्याला आले.

कादंबरीतली ती हकीकत मालिकेहून वेगळी आहे, आणि आमच्या मते अधिक भेदक आहे. आमियांच्या एका खाणावळीत आतोस भरपूर प्यालेला असताना तो ती दार्तान्यांला सांगतो. आधी ‘माझा एक मित्र’ अशी सुरुवात करून, मग जिभेचा ताबा सुटत जातो. पंचवीस वर्षांच्या काउंटने सोळा वर्षांच्या एका अनोळखी मुलीशी लग्न केले. ती तेथील तरुण धर्मगुरूची बहीण म्हणून त्या गावात राहत होती. एके दिवशी शिकारीत ती घोड्यावरून पडून बेशुद्ध झाली. तिला मोकळा श्वास घेता यावा म्हणून त्याने खंजिराने तिचे वस्त्र कापले, तो खांद्यावर लिलीच्या फुलाचा डाग दिसला. त्या काळी चोराला तापलेल्या लोखंडाने असा डाग देत. काउंटने तिचे हात मागे बांधले आणि तिला झाडाला टांगले. आपल्या जहागिरीत आपल्याला न्यायाचा पूर्ण अधिकार होता, एवढेच समर्थन तो पुढे जोडतो.

हा अधिकार तपासून पाहण्यासारखा आहे. फ्रान्समध्ये अनेक जहागिरदारांना ‘उच्च न्यायाचा’ हक्क होता, म्हणजे देहान्ताची शिक्षा देऊ शकणारे न्यायालय चालविण्याचा. वधस्तंभ हे त्या हक्काचे चिन्ह म्हणून जहागिरीच्या वेशीवर उभे असत. परंतु हक्क न्यायालय ठेवण्याचा होता. धन्याने स्वतः न्यायासनावर बसण्याचा नव्हे. त्यासाठी तो न्यायाधीश नेमी. आरोप, साक्षी, जबानी हे सारे व्हावयाचे, आणि निवाड्यावर राजाच्या न्यायालयांत, शेवटी पार्लमाँपर्यंत, दाद मागता येई. शिकार अर्ध्यावर सोडून बेशुद्ध पत्नीला झाडाला लटकाविणे हे सरंजामी कायद्यातही बसत नव्हते. द्यूमाच्या वाचकांना हे ठाऊक असो वा नसो, आतोसला ते आतून ठाऊक आहे. एरवी तो इतका पीत बसला नसता.

याहून मोठी गोष्ट कादंबरीच्या शेवटी उघड होते आणि पुष्कळ वाचक ती वेगात ओलांडून जातात. तो डाग कोणी दिला? लील शहराच्या मारेकऱ्याने. त्याचा धाकटा भाऊ धर्मगुरू होता. मठात राहणाऱ्या या तरुणीच्या नादी लागून त्याने पवित्र पात्रे चोरली, तो पकडला गेला, आणि त्याच्या खांद्यावर डाग देण्याचे काम नेमके याच भावाच्या हाती आले. मग त्याने त्या मुलीला शोधून काढून, कोणत्याही न्यायालयाच्या आज्ञेवाचून, स्वतःच्या हाताने तोच डाग दिला. म्हणजे ज्या खुणेवरून आतोसने पत्नीला मृत्युदंड दिला ती खूण मुळात एका दुखावलेल्या भावाच्या सूडाची होती. गावात ‘भाऊ’ म्हणून राहणारा धर्मगुरू तोच. पुढे त्याने गळफास घेतला. अखेरीस आर्मांतिएरजवळ नदीकाठी आतोस आणि त्याचे मित्र मिलेडीवर रात्री स्वतःच खटला चालवितात. फिर्यादी तेच, साक्षीदार तेच, न्यायाधीश तेच. आणि शिरच्छेद करावयास आणलेला माणूस लीलचाच मारेकरी. तिची दुष्कृत्ये खरी आहेत, विषप्रयोग खरा आहे. तरीही त्या काठावर न्यायाधीश म्हणता येईल असा एकही मनुष्य नाही. ती ओरडून हेच सांगते, आणि तिला कोणी उत्तर देत नाही.

मालिकेच्या लेखकांना ही अडचण जाणवली असावी. एका डागावरून पत्नीला मारणारा नायक आजच्या प्रेक्षकाला पेलला नसता, म्हणून त्यांनी भावाचा खून मध्ये आणला. पहिल्या मालिकेच्या शेवटी आतोस तिला मारण्याची संधी असूनही सोडतो. दुसऱ्या मालिकेत त्याच्या गावचे शेतकरी त्याला अक्षरशः पकडून नेतात, कारण धनी निघून गेल्याने शेजारचा उमराव त्यांना छळतो आहे. हा भाग आम्हांला सर्वांत आवडला. आतोस स्वतःच्या दुःखात बुडाला असताना त्याच्या पाठीमागे काही कुटुंबे उघडी पडली होती, याचा विचार ना त्याने केला होता ना कादंबरीने.

आता एक पाऊल मागे घेऊन त्या काळाकडे पाहू. फ्रेंच सरदारवर्गाचा उत्साह खरोखरच त्या वर्षांत मावळत होता, आणि त्यामागे प्रेमभंगाहून ठोस कारणे होती. १५९८ च्या नांतच्या आज्ञापत्राने धर्मयुद्धे थांबली. ज्यांच्या आज्यापणज्यांनी आपापल्या किल्ल्यांतून राजाशी बरोबरीने बोलणी केली होती, त्यांच्या नातवांना आता दरबारात उभे राहून कृपाकटाक्षाची वाट पाहावी लागे. १६२४ साली रिशल्यू प्रमुख मंत्री झाला. जुलै १६२६ मध्ये सरहद्दीवर नसलेले किल्ले पाडण्याचा हुकूम निघाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत द्वंद्वबंदीचा नवा कायदा झाला होता.

द्वंद्व हा त्या वर्गाचा जणू दुसरा धर्मच होता. शब्दावरून, आसनावरून, जिन्यावर आधी कोणी चढावे यावरून माणसे एकमेकांना भोसकीत. चौथ्या हेन्रीने कडक कायदे केले आणि मग हजारो माफीपत्रेही वाटली, त्यामुळे कायदा हास्यास्पद झाला. रिशल्यूचा कायदा काही बाबतींत सौम्य होता. पहिल्या अपराधाला पदे आणि वेतने जात, मृत्युदंड मुख्यतः ज्यात मनुष्य मरे त्या द्वंद्वाला. पण तो अंमलात आणावयाचा होता. या माणसाला त्यात वैयक्तिकही काही होते. त्याचा थोरला भाऊ हेन्री, घराण्याचा आधार, १६१९ साली आंगूलेम येथे द्वंद्वातच मारला गेला होता. त्या घराण्याची थोरली शाखा त्याबरोबर संपली. मालिकेतल्या चामड्याच्या पोशाखाखाली हा शोक कोठेच दिसत नाही.

कायद्याची परीक्षा लवकरच झाली. फ्रांस्वा द मोंमोरांसी, बूतव्हीलचा काउंट, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत बावीस द्वंद्वे लढला होता. शिक्षेच्या भयाने तो ब्रसेल्सला पळाला, आणि राजाने परतीची माफी नाकारताच भर पॅरिसमध्ये, प्लास रुआयाल या राजचौकात, भर दिवसा लढण्याचा पण त्याने केला. १२ मे १६२७ रोजी तीन विरुद्ध तीन असे ते द्वंद्व झाले. बुसी द आंब्वाझ जागीच ठार झाला. बूतव्हील आणि त्याचा नातलग काउंट दे शापेल पळताना सापडले. सारा उमराववर्ग राजाच्या पाया पडला. बूतव्हीलची गर्भवती पत्नीही आली. रिशल्यूने राजापुढे दोन्ही बाजू मांडल्या, आणि प्रश्न असा ठेवला की गळा द्वंद्वांचा कापावयाचा की राजाज्ञांचा. २२ जून रोजी दोघांचीही मस्तके प्लास द ग्रेव्हवर उडविली गेली. पत्नीला पुढच्या जानेवारीत मुलगा झाला. तो मोठेपणी चौदाव्या लुईचा प्रख्यात सेनापती मार्शल लक्झेंबर्ग झाला. बापाने जे शौर्य चौकात उधळले ते मुलाने रणांगणावर राजाच्या पदरी घातले.

कादंबरीतला आतोस या दोन जगांच्या मधोमध उभा आहे. ‘वीस वर्षांनंतर’ या पुढील भागात तो सँ-दनीच्या बासिलिकेत, राजांच्या थडग्यांजवळ, तरुण राऊलला सांगतो की राजा आणि राजपद यांतला भेद ओळख. राजा क्षुद्र निघाला तरी पदाचा मान राख. तो इंग्लंडला जाऊन चार्ल्स राजाला वाचवू पाहतो, आणि ३० जानेवारी १६४९ रोजी वधस्तंभाच्या फळ्यांखाली लपून असताना वरून रक्त ठिबकते. पुढे चौदाव्या लुईने राऊलची प्रेयसी घेतली तेव्हा हाच आतोस राजासमोर तलवार गुडघ्यावर मोडून टाकतो. पत्नीविषयीचा भ्रम गेला, मग राजाविषयीचा गेला. राऊल आफ्रिकेत मारला जातो, त्याच वेळी म्हातारा आतोसही प्राण सोडतो. मालिकेने त्याला हे सारे वार्धक्य दिले नाही. ती त्याला सिल्व्ही नावाच्या स्त्रीबरोबर, होणाऱ्या बाळासह, पॅरिसबाहेर पाठविते. आमचा त्यावर रोष नाही. तीस भाग इतके भोगल्यावर मनुष्याला थोडे सुख मिळावे.

परंतु आतोस नावाचा माणूस खरोखर होऊन गेला, आणि त्याची कथा या दोन्हींहून लहान आहे. आर्मां द सिलेग द आतोस दोतव्हिएल हे त्याचे पूर्ण नाव. जन्म १६१५ च्या सुमाराचा. आतोस हे पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी बेआर्न प्रांतात, ओलोरोन नदीकाठी वसलेले खेडे. आज ते शेजारच्या आस्पिसशी जोडले गेले आहे. काउंटपद, वाडा, वधस्तंभाचा हक्क यांतले काहीच या मुलाजवळ नव्हते. घराणे व्यापारातून वर येऊन अलीकडेच कुलीन ठरलेले. आई मस्केटियरांचा प्रमुख त्रेव्हील याची चुलतबहीण. आणि हा त्रेव्हीलही ओलोरोनच्या व्यापाऱ्याचाच मुलगा. गावचा एक मोठा झाला की मागून भाचेपुतणे राजधानीत येतात, तसाच हा आर्मां १६४० च्या सुमारास मस्केटियर झाला. भ्रमनिरास होण्याइतके वय त्याला मिळालेच नाही. तो आला असेल तो आशेने.

ला रोशेलच्या वेढ्यात द्यूमाने त्याला बुरुजावर बसवून न्याहारी करावयास लावली आहे. वास्तविक १६२७-२८ साली तो जेमतेम बारा-तेरा वर्षांचा असेल. त्या वेढ्याचे कादंबरीत विनोद फार आणि उपासमार कमी आहे. रिशल्यूने समुद्रात सुमारे दीड किलोमीटरचा बांध घालून प्रॉटेस्टंटांचे ते बंदर कोंडले, आणि २८ ऑक्टोबर १६२८ रोजी शहर शरण आले तेव्हा सत्तावीस हजारांच्या आसपास असलेल्या वस्तीतले पाच-एक हजार लोक उरले होते. विजयाची मिस्सा कार्डिनलने स्वतः अर्पिली. या प्रसंगी आमच्याच बाजूचा विजय झाला, हे वाचताना आम्हांला आनंद होत नाही.

धर्मभेदाचा प्रश्न बेआर्नच्या या मुलांना तर घरच्याच अंगणातला होता. जान दाल्ब्रे या राणीच्या राजवटीत तेथे कॅथलिक उपासना बंद झाली होती. १६२० साली तेरावा लुई सैन्य घेऊन गेला आणि त्याने ख्रिस्तसभेची मालमत्ता परत दिली. खऱ्या पोर्तोसचे, म्हणजे इसाक द पोर्तोचे, घराणे प्रॉटेस्टंट होते; १६१७ साली पो येथे त्याचा बाप्तिस्मा झाला. आरामिसचा आजा ह्यूगनॉट कप्तान होता. ‘सर्वांसाठी एक’ म्हणणारी ही मंडळी दुभंगलेल्या प्रांतातून आली होती, ही गोष्ट द्यूमाने वापरली असती तर कादंबरी अधिक भारी झाली असती. पण ती दैनिकात खपली असती की नाही, ते सांगवत नाही.

डिसेंबर १६४३ मध्ये आर्मां द आतोस पॅरिसमध्ये मरण पावला. सँ-सुल्पिस धर्मग्रामाच्या दफनवहीत त्याची नोंद होती: राजाच्या शरीररक्षकांतील मस्केटियर, बेआर्नचा सद्गृहस्थ, प्रे-ओ-क्लेर येथील बाजाराजवळून आणलेला, अंत्ययात्रा, उपासना आणि दफन पार पडले. एवढेच. प्रे-ओ-क्लेर हे शहराबाहेरचे मैदान द्वंद्वासाठी कुप्रसिद्ध होते, म्हणून तो द्वंद्वात पडला असे इतिहासकार मानतात. ते दिवसही तसेच होते. राजा आणि रिशल्यू दोघेही वारले होते, राजमाता ॲनचा अंमल नुकताच बसत होता, आणि १२ डिसेंबरलाच प्लास रुआयालमध्ये गीझचा ड्यूक आणि कोलिन्यी यांचे गाजलेले द्वंद्व झाले होते. कोलिन्यी त्या जखमेने पुढे मेला.

दफनवहीतील ही नोंद धर्मगुरूच्या नजरेने वाचली म्हणजे थबकावयास होते. त्रेंतच्या विश्वपरिषदेने १५६३ साली, पंचविसाव्या सत्रात, द्वंद्व करणाऱ्यांना आणि त्यांच्या साक्षीदारांना धर्मबहिष्कार सांगितला होता, आणि द्वंद्वात मरणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारले होते. येथे तर यथासांग दफन आहे. मृत्यूचे कारण मात्र लिहिलेले नाही. लिहिणाऱ्याने ते चौकशीअभावी सोडले, की मरताना त्या तरुणाने पश्चात्ताप केला होता, की अठ्ठावीस वर्षांच्या परगावच्या पोराला मातीआड करताना लेखणीने मौन पाळणेच बरे वाटले, हे त्या ओळीवरून ठरविता येत नाही. आम्हांला ती ओळ लिहिणाऱ्या हाताविषयी आदर वाटतो. वह्या भरण्याचे काम ज्यांनी केले आहे त्यांना ठाऊक असते की काही रकाने मुद्दामच कोरे राहतात.

त्या वेळी सँ-सुल्पिसचा प्रमुख धर्मगुरू होता झाँ-झाक ओलिए. व्हिन्सेंट डी पॉलच्या सहवासात तो घडला, आणि ऑगस्ट १६४२ मध्ये, म्हणजे आतोसच्या मृत्यूपूर्वी दीड वर्षही झाले नव्हते तेव्हा, या धर्मग्रामावर आला. त्याचे गुरुविद्यालय पुढे जगभरच्या गुरुविद्यालयांचा नमुना ठरले. आमच्या पिढीचे शिक्षणही दूरान्वयाने त्याच घडणीतले. सेंट जर्मेनचे ते उपनगर पॅरिसच्या बिशपांच्या अधिकाराबाहेर होते. जुगारी, दारुडे आणि द्वंद्ववाले यांना ते आश्रयस्थान. दारात येणाऱ्या तिरड्या ओलिएला पाहाव्या लागत होत्या. आतोसची तिरडी त्यांतली एक.

राजाज्ञा आणि धर्मबहिष्कार दोन्ही असून द्वंद्वे थांबत नव्हती, कारण आव्हान नाकारणारा भित्रा ठरे आणि भित्रा ठरण्यापेक्षा नरक बरा असे त्या समाजाचे मत होते. ओलिएने भाषणांवर भिस्त ठेवली नाही. त्याने सरदारांचा एक संघ बांधला आणि त्याच्या अग्रभागी आंत्वान द फेनेलों या मार्क्विसला ठेवले. हा पुढे प्रसिद्धीस आलेल्या आर्चबिशप फेनेलोंचा चुलता, आणि तारुण्यात स्वतः नामांकित द्वंद्वयोद्धा. १६५१ च्या पेंटेकॉस्टच्या सणाला सँ-सुल्पिसच्या गुरुविद्यालयातील प्रार्थनामंदिरात या मंडळींनी जाहीर प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या की कोणत्याही कारणाने आम्ही आव्हान देणार नाही आणि स्वीकारणार नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात चौदाव्या लुईचा द्वंद्वविरोधी कायदा निघाला. सह्या करणाऱ्यांची निवड ओलिएने फार पारखून केली होती. ज्याचे शौर्य रणांगणावर सर्वांनी पाहिले आहे, आणि ज्याला भित्रा म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही, अशाच माणसांना त्याने पुढे बसविले होते.